सव्वापाच पौंडांत लंडन

व्हिसाच्या अर्जासोबत आम्ही परत येणार याचा पुरावा जोडायचा होता. मी एजंटला म्हटलं, "लिहा, लालबागला चाळीत खोली आहे. चाळ रीडेव्हलपमेंटला जाऊन अकरा वर्षं झाली, बिल्डरने अजून वीटही हलवलेली नाही. नव्या घराची किल्ली हातात पडल्याशिवाय आम्ही कुठे जातोय?" तो म्हणाला, "काका, आपण नुसत्या एफडी दाखवू."

लंडनच का, असं चाळीत सगळ्यांनी विचारलं. आमच्या बजेटमध्ये बाली बसत होतं, फुकेत तर पाय पसरून बसत होतं. पण मी एकतीस वर्षं बसचा कंडक्टर, आणि त्यातली निम्मी डबलडेकरवर काढलेली. मुंबईत डबलडेकर १९३७ साली आली. सप्टेंबर २०२३ मध्ये डिझेलवरची शेवटची निघाली, तेव्हा तिला निरोप द्यायला मीही गेलो होतो. आता विजेवरच्या आल्यात, एसी आहेत, दिसायला झकास आहेत. पण सासुरवाशीण गेल्यावर तिचं माहेर तरी एकदा बघून यावं, असं मनात आलं. ही म्हणाली, "माझं माहेर कणकवलीला आहे, तिथे चार वर्षं नाही आलात."

सामानात अर्धं वजन खाण्याचं. लालबागच्या चिवडा गल्लीतून दोन किलो चिवडा, शिवाय मेतकूट, भाजणी आणि उडदाचे पापड. दूधदुभत्याचं काही तिकडे नेता येत नाही, म्हणून तुपाची बरणी शेजारच्या वहिनींकडे ठेवली. परत आलो तेव्हा बरणी होती.

जून २०२५. पौंड एकशे सोळाच्या आसपास. विमानातून उतरल्यापासून हिने गुणाकार सुरू केला, तो सहा दिवस थांबला नाही. चहा तीन पौंड, म्हणजे साडेतीनशे. "साडेतीनशेत आपल्या मजल्यावरच्या सगळ्यांचा चहा होतो, खारीसकट." मी म्हटलं, गुणाकार केला की तहान लागत नाही, हा एक फायदाच.

किंग्ज क्रॉसजवळ एका हॉस्टेलात सगळ्यांत स्वस्त खोली घेतली होती. रात्रीचे ७८ पौंड. दार उघडलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. दहा बाय बाराची खोली. संडास-बाथरूम कॉमन, पॅसेजच्या टोकाला. सकाळी तिथे टॉवेल खांद्यावर टाकून चार माणसं उभी, आणि आतल्याला किती वेळ लागतो यावर बाहेर चर्चा. भाषा स्पॅनिश असावी, पण विषय मला नीट कळला. आमच्या खोलीचं पागडीचं भाडं महिन्याला एकशे नव्वद रुपये. म्हणजे इथल्या एका रात्रीच्या पैशांत लालबागला जवळजवळ चार वर्षं राहून होतात. ही म्हणाली, "आणि गॅलरीसुद्धा नाही हो. धुणं घालायचं कुठे?"

खिडकीतून सेंट पँक्रास स्टेशनाचं जुनं हॉटेल दिसायचं. लाल विटांचं, टोकाटोकांचं, बघितल्याबरोबर व्हीटी आठवावी असं. ते बांधणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. आपल्या राजाबाई टॉवरचा आराखडाही त्यांचाच, आणि तो त्यांनी मुंबईत पाऊल न टाकता केला. प्रवासखर्च वाचवण्याची ही रीत मला फार पटली. आम्हाला मात्र ती तिकिटं काढल्यावर सुचली.

आता मूळ विषय, बस. लंडनच्या बसचं भाडं तेव्हा एकच होतं, पावणेदोन पौंड, कुठेही जा. म्हणजे दोनशे तीन रुपये. आमच्याकडे महिनाभरापूर्वीच पाचाचे दहा झाले म्हणून लोक डेपोवर चिडले होते. पण या पावणेदोन पौंडांत एक गंमत आहे. पहिल्या बसला कार्ड टेकवल्यापासून तासाच्या आत पुढच्या बसला टेकवलं, तर तिचे पैसे पडत नाहीत. तासाभरात कितीही बस बदला.

हे कळलं आणि माझ्यातला कंडक्टर जागा झाला. ट्रफाल्गर स्क्वेअरहून १५ नंबर पकडली. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट. फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्सचा घुमट, सगळं काचेला नाक लावून पाहिलं. गाडीत कंडक्टर नाही, सुट्ट्यांवरून भांडण नाही, "पुढे चला, पुढे चला" नाही. रोख पैसे तर २०१४ पासून घेतच नाहीत. दर स्टॉपला माझा हात घंटीची दोरी शोधायचा. टॉवर ऑफ लंडनला उतरलो तेव्हा चौतीस मिनिटं झाली होती. उरली सव्वीस. आत जायला तिकीट, त्यामुळे आत जायचा प्रश्न नव्हता. सव्वीस मिनिटांत बाहेरून टॉवर, नदी, टॉवर ब्रिज आणि एक फोटो. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला बस आली तेव्हा ही पुलाकडे बघत उभी. मी ओरडलो, "अगं, पूल राहू दे, पावणेदोन पौंड चाललेत!" दोघंही साठीचे, पण अशी धाव आम्ही ८.१२ च्या लोकलसाठीही घेतली नव्हती.

दोन दिवस असंच. बिग बेन नऊ मिनिटं, बकिंगहॅम पॅलेस अकरा. तिसऱ्या दिवशी हॉस्टेलातल्या एका मुलीने सांगितलं की दिवसभरात बसचे सव्वापाच पौंड झाले की पुढे काही कापतच नाहीत. तीन तिकिटांचे पैसे, आणि मग दिवसभर फुकट. ही माझ्याकडे जे बघायला लागली ते रात्रीपर्यंत.

त्यानंतर आम्ही निवांत झालो. वेस्टमिन्स्टर ॲबी बघायला तीसेक पौंड पडतात, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायला तिकीट नसतं. "आरतीला कोण तिकीट लावेल?" म्हणत ही आत शिरली आणि डोक्यावर पदर घेऊन तासभर शांत बसली. ब्रिटिश म्युझियम फुकट, फक्त रांग. नवसाच्या रांगेत रात्र काढलेल्या बाईला तिचं काय! व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमही फुकट. त्याच नावाचं म्युझियम भायखळ्याला १८७२ पासून होतं, १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं. "आपल्याकडे तिकीट आणि यांच्याकडे फुकट?" ही म्हणाली. मग आतल्या आपल्याकडच्या वस्तू बघून म्हणाली, "बरोबर आहे. आपल्याच वस्तूंना आपल्याकडून काय घेणार!"

चौथ्या रात्री पापड. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मेतकूट-भात झाला होता. हिला वाटलं, विजेच्या शेगडीवर दोन पापड भाजून घ्यावेत. पहिल्या पापडाला नुसता फोड आला आणि छतावर काहीतरी किंचाळलं. चार मजल्यांची माणसं रस्त्यावर. ती स्पॅनिश मंडळी टॉवेलवर. मॅनेजर पोरगा धावत आला, त्याने पापड उचलला, उलटसुलट पाहिला आणि "हे काय आहे?" असं विचारलं. हिने अर्धा मोडून त्याच्या हातावर ठेवला. त्याने खाल्ला. दंड केला नाही.

दुसऱ्या दिवशी कॅम्डनला बस बदलून आम्ही १०, किंग हेन्रीज रोडला गेलो. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. २०१५ मध्ये ते घर महाराष्ट्र शासनाने घेतलं. तिथेही तिकीट नाही. 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध ज्यांनी लंडनमध्ये लिहिला, त्यांना स्वतःला शिलिंग-पेन्सचा प्रश्न रोज पडायचा. भाडं वाचवायला चालत जायचं, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते बंद होईपर्यंत बसायचं. रात्री भूक लागली की कुणी ओळखीच्याने दिलेले पापड भाजून खायचे, असं त्यांच्या चरित्रात आहे. मी हे सांगितल्यावर ही जिन्यापाशी उभीच राहिली.

"नुसते पापड?"

"आणि कपभर काहीतरी."

बराच वेळ ती बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "आणि रमाबाई तेव्हा कुठे?"

"परळला. बी.आय.टी. चाळीत, दोन खोल्यांत. दादरचं राजगृह बांधून होईपर्यंत बिऱ्हाड तिथेच होतं."

"म्हणजे आपल्याकडून चालत पाव तास. आणि आपण कधी गेलो नाही."

या वाक्याला ११६ ने गुणायची तिला गरज पडली नाही.

परत आल्यावर चाळीत दहा दिवस चौकशा चालल्या. लंडन कसं आहे, याला हिचं एकच उत्तर, "आपल्यासारखंच, पण गॅलरी नाही." अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, तिने साडी बदलली आणि म्हणाली, "चला, परळला जाऊन येऊ." मी सवयीने स्टॉपकडे वळलो. तिने मला मागे ओढलं.

"चालत. तिकीट दहा रुपये झालंय ना!"