दर्यात रेंज

मुंबईच्या धक्क्यावरून क्रूझ सुटते ती 'चार दिवस शांतता हवी' म्हणणाऱ्यांना घेऊन. बंदर मागे पडलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "वायफाय कुठाय?"

ते असतं, पण पॅकेजमध्ये. जुन्या पद्धतीत सिग्नल सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जातो आणि तेवढंच अंतर खाली उतरतो. म्हणजे साताऱ्याच्या काकूंना धाडलेला सुप्रभातचा गुलाब जवळजवळ 72,000 किलोमीटर उडून पोचतो. आता साडेपाचशे किलोमीटरवरचे उपग्रह आलेत, गुलाब लवकर पोचतो. काकूंचं दुर्दैव!

फोन मात्र एअरप्लेन मोडवर ठेवायचा, जहाजावर असूनही. नाही ठेवला, तर तो गुपचूप जहाजाच्याच मोबाइल नेटवर्कला चिकटतो, आणि घरी येणारं बिल पाहून खरी बोट लागते.

केबिनचे दिवे लागायला भिंतीतल्या खाचेत कार्ड सरकवावं लागतं. ते दाराचंच हवं, असं बऱ्याच जहाजांवर त्या खाचेला कळत नाही. आपल्या माणसाला हे पहिल्याच तासात कळतं. मग तो स्वतः डेकवर आणि केबिनचा एसी जुन्या लायब्ररी कार्डावर.

इस्त्री, केटल, एक्स्टेन्शन बोर्ड यांना बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीने बंदी. या वस्तू चढतानाच जप्त होतात, त्यामुळे बॅग तपासणीच्या रांगेत हमखास ऐकू येतं, "अहो साहेब, केटल कसली, चहाचं भांडंच आहे ते. फक्त वायर आहे त्याला!"