बिल कामून नाही?

चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगड पहाडावरच्या जिवतीत मानवी हक्कांसाठी लढणारी माणसं पुष्कळ सापडतात. निवेदनं लिहिणारे आहेत, तहसील कचेरीपुढं ठिय्या देणारे आहेत, साहेबांशी इंग्रजीत भांडायचं असलं तर राजुऱ्याहून वकीलही वर येतो. टंचाई आहे ती खजिनदाराची. संस्था नोंदवायला सात माणसं लागतात. अध्यक्ष व्हायला दोघं तयार असतात, सचिव आधीच ठरलेला असतो, आणि उपाध्यक्षाला काहीच करायचं नसतं म्हणून ते पद कुणीही आनंदानं घेतं. मग थोडा वेळ सगळे गप्प बसतात आणि चहाचे पैसे कुणी दिले याची कोपऱ्यात बसून चौकशी करणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकाकडं माना वळतात. "गुर्जी, तुमचं अक्षर चांगलं आहे जी." एवढ्यावर माणूस कोषाध्यक्ष होतो आणि जोडीला विश्वस्तही.

अक्षर हे निमित्त. गुरुजींनी नोकरीची शेवटची वर्षं शालेय पोषण आहाराचा हिशेब ठेवण्यात घालवलेली असतात. पटावर किती, हजर किती, पाचवीपर्यंतच्या पोराला तांदूळ 100 ग्रॅम, वरच्या वर्गाला 150, मग डाळ, तेल, मीठ, मोहरी, आणि पोतं उंदरानं कुरतडलं तर त्याचा पंचनामा. ज्यानं मोहरीची शिल्लक ग्रॅममध्ये दाखवली, त्याला समता आणि बंधुता यांचा जमाखर्च जड जात नाही. फक्त व्हाउचर पाहिजे.

आणि घोडं तिथंच अडतं. पहाडावर बिल नावाची वस्तू मुळात कमी. काळी-पिवळीवाला तिकीट देत नाही, टपरीवाला चहाची पावती देत नाही, आणि कोलामगुड्यावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, रात्री मुक्काम केला तर भाकरी खाऊ घालणाऱ्या माऊलीकडं 'जीएसटी क्रमांक' कुठल्या तोंडानं मागायचा? कार्यकर्ता चार दिवस गुडे पालथे घालून, जोंधळ्याची भाकर खाऊन, पायाला फोड आणून परततो. गुरुजी त्याला पाणी देतात, बसायला पाट देतात आणि विचारतात, "बिल कामून नाही?"

हा 'कामून' ते आईबापाबरोबर घेऊन आले. 1972च्या दुष्काळात मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं बिऱ्हाड उचलून हा पहाड चढली. कुणी नांदेडकडची, कुणी परभणीकडची. त्यांनी झाडोरा काढून वावरं केली, गोंड-कोलामांच्या शेजारी वस्त्या वसवल्या. गुरुजी तेव्हा चड्डीत होते. आज पेन्शन घेतात, पण बापाच्या वावराचा पट्टा त्यांच्या नावावर नाही. 2006चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि पाटीवर गणित करावं तसं केलं. आदिवासी नसलेल्यानं 13 डिसेंबर 2005च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं तिथं राहिल्याचा पुरावा द्यायचा. दोन हजार पाच वजा पंच्याहत्तर, एकोणीसशे तीस. आपण आलो बहात्तरला. "बेचाळीस वर्षं कमी पडली," गुरुजी सांगतात. "आमचा बाप बेचाळीस वर्षं उशिरा उपाशी पडला." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नसते, बेरीज जुळल्याचं समाधान असतं. मला तेच जास्त भीतीदायक वाटतं.

अशा माणसाकडं तिजोरीची किल्ली असली, तरी तिजोरी नसते. असतं ते गुरुजींच्या घरातलं लोखंडी कपाट. संस्थेचं नोंदणीकृत कार्यालय म्हणजे त्यांचीच ओसरी, कारण बाकी सहा जणांपैकी कुणाची घरपट्टीची पावती वेळेवर सापडली नाही. किर्द, खतावणी, पावती पुस्तकं, प्रोसिडिंग बुक, सुकलेलं स्टॅम्प पॅड, रेव्हेन्यू तिकिटांची चिकटून एकजीव झालेली पट्टी, हे सगळं त्या कपाटात, आणि गुरुजींच्या मंडळींची लुगडी बाहेर खुंटीवर. "अहो, तुमच्या त्या मानवी हक्कात बायकांचं कपाट येतं का?" असा प्रश्न स्वयंपाकघरातून अधूनमधून येतो. गुरुजी तो इतिवृत्तात घेत नाहीत.

संस्थेच्या नावात मात्र 'मानवी हक्क' शोधू नका. नाव आहे अमुक-तमुक बहुउद्देशीय संस्था. विदर्भात संस्था काढायची तर ती बहुउद्देशीयच काढतात. उद्या कोणती योजना येईल सांगता येत नाही. उद्देशांच्या यादीत शिवणकाम, संगणक प्रशिक्षण, कुक्कुटपालन, मधमाशीपालन आणि वृक्षारोपण ओलांडून बरंच खाली उतरलं की मानवी हक्क भेटतात. मध्यंतरी सचिवानं नाव बदलून त्यात 'मानवाधिकार' घालायचं मनावर घेतलं होतं. गुरुजींनी धर्मादाय आयुक्तांचं 2018चं परिपत्रक काढून दाखवलं. मानवाधिकार, भ्रष्टाचार निर्मूलन असली नावं लावायची नाहीत, कारण तशी नावं लावून काही मंडळी सरकारी आयोगाचे अधिकारी असल्यासारखी हिंडत होती. पुढं उच्च न्यायालयानंही ते परिपत्रक उचलून धरलं. तेव्हा हक्कांचं काम करा, पण पाटी मधमाशांची ठेवा. गुरुजींना यात विसंगती वाटत नाही. गाडीवर ठळक अक्षरांत 'मानवाधिकार' लिहून टोलनाका चुकवणारे त्यांनी पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षा मधमाश्या बऱ्या, असं त्यांचं मत आहे. माझंही.

देणगी देणं ही गोष्ट गुरुजींमुळं घेण्यापेक्षा अवघड झाली आहे. खालच्या गावातला एक दुकानदार पाच हजार रोख घेऊन आला, कौतुकानं म्हणाला, "80जीची पावती तेवढी द्या." गुरुजींनी चष्मा पुसला. दोन हजारांच्या वर रोख दिली तर करात सवलत बसत नाही, हे त्यांनी कलमासकट समजावून सांगितलं. दुकानदारानं ते लक्षपूर्वक ऐकलं, पाच हजार परत खिशात घातले आणि पुन्हा वर आला नाही. सचिव त्या दिवशी जेवला नाही. याउलट सभेला आलेली एक कोलाम आजी दहा रुपये देऊन गेली, तेव्हा गुरुजींनी कार्बन घालून, नाव विचारून, सही-शिक्क्यानिशी पावती फाडली. आजीनं कागद उलटसुलट करून शिक्का पाहिला आणि कनवटीला लावला. शिक्का आहे ना, मग कामी पडते, म्हणाली. या पहाडावर जातीच्या दाखल्यासाठी 1950च्या किंवा 1961च्या आधीचा कागद मागतात, आणि हा सगळा मुलूख तर 1956पर्यंत हैदराबाद राज्यात होता. कोणता कागद केव्हा कामी पडेल, हे आजीला गुरुजींपेक्षा चांगलं ठाऊक.

परदेशी पैशाचं नाव काढलं की गुरुजींचा रक्तदाब वाढतो. कुणाचा तरी पुतण्या न्यू जर्सीत असतोच. त्यानं फोन करून सांगितलं, काका, मी शंभर डॉलर पाठवतो. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सुखी राहा. गुरुजींनी विचारलं, "पासपोर्ट कोणता?" प्रश्न बरोबर होता. भारतीय नागरिकानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले तर ती परकी देणगी ठरत नाही; पण पुतण्या अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर परकी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, आडवा येतो. मग आधी नोंदणी हवी, नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांत 15 लाखांचं काम केलेलं हवं, आणि 2020च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी नवी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच उतरायला हवा. म्हणजे कोलामगुड्यावरच्या हातपंपाचा दांडा दिल्लीतून हलवायचा. पुतण्यानं हिरवं कार्ड आहे असं काहीतरी सांगितलं. गुरुजींनी रंग लिहून घेतला आणि सीएला विचारतो म्हणाले.

सीमेवरच्या गावांत मात्र गुरुजी खुलतात. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर अशी 14 गावं महाराष्ट्र आणि तेलंगण दोघंही आपली म्हणतात. दोन मतदार ओळखपत्रं, दोन राज्यांचं रेशन, एक शाळा मराठी तर एक तेलुगू. वार्ताहर येतात आणि हळहळून लिहितात. गुरुजींना तिथं घरी आल्यासारखं वाटतं. "वाणिज्यच्या पोरांना द्विनोंदी पद्धत शिकवता शिकवता मास्तर दमतात," ते म्हणतात, "इथं अख्खं गाव दोन्ही बाजूंना नोंदलेलं आहे." मग जरा थांबून पुढं म्हणतात, जमिनीचा पट्टा तेवढा कितीकांच्या नावे ना जमेला, ना खर्चाला. तिथून त्यांचा मोबाइलही कधी तेलंगणाचा टॉवर पकडतो, कधी कोणताच नाही. आयकराच्या संकेतस्थळावरचा ओटीपी त्यांच्याच नंबरावर येतो. ते टेकाडावर चढेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. मग खाली सायबर कॅफेत बसलेला सचिव नवीन ओटीपी मागवतो, तोवर गुरुजी उतरायला लागलेले असतात.

सचिवाचं आणि त्यांचं जमत नाही, हे सांगायला नकोच. सचिवाला कोऱ्या चेकवर सही हवी असते. कोणत्या रात्री कुणाला पोलीस घेऊन जातील, कुठल्या गावात कुणाला भानामतीच्या संशयावरून बांधून घालतील, याचा नेम नाही. हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही. याच तालुक्यातल्या वणी खुर्दला ऑगस्ट 2021मध्ये म्हाताऱ्या माणसांना खांबाला बांधून मारलं, जादूटोणाविरोधी कायदा होऊन आठ वर्षं होत आली होती तरी. अशा वेळी जीप आधी निघते, ठराव मागून होतो. गुरुजीही ते जाणतात. जीपचे पैसे स्वतःच्या पेन्शनमधून काढून देतात, पण कोऱ्या चेकवर सही करत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना एकच पेच पडलेला असतो. हा खर्च प्रवासात धरायचा, वैद्यकीय साहाय्यात, की कायदेविषयक मदतीत? जखमी माणसाला चंद्रपूरला नेताना वाटेत तक्रारही लिहून घेतली होती ना.

एकदा सचिवाचा तोल गेला. म्हणाला, "गुर्जी, 'कागद आणा' म्हणून गरिबाला हाकलून देणाऱ्या कचेरीशी आपण भांडतो, आणि तुम्ही आम्हालाच म्हणता कागद आणा!"

गुरुजी किर्दीतून मान वर न करता म्हणाले, "त्यांच्याजवळ कागद नाही म्हणून तर त्यांची ही गत. आपल्याजवळ तरी असू द्या."

याच सचिवानं हौसेनं सगळ्यांना गडचिरोलीत मेंढा-लेखाला नेलं. 2009मध्ये या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात तो पहिल्या काहींमध्ये गणला जातो. बाकीच्यांनी पाटीपुढं उभं राहून फोटो काढले, ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीनं कसे होतात ते ऐकून भारावले. गुरुजींनी विचारलं, हिशेब कोण लिहितो? मग त्यांना गोष्ट कळली. हक्क मिळाला तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागायचा, आणि परवान्याचं पुस्तक वनखातं सोडत नव्हतं. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. परतीच्या जीपमध्ये गुरुजी कुणाला झोपू देईनात. "म्हणजे दोन मंत्री पावती पुस्तक द्यायला आले!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "अख्खा लढा पावती पुस्तकाचा होता, अन् तुम्ही मला हसता." खरं सांगायचं तर त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. सचिव खिडकीबाहेर पाहत होता.

त्या सहलीनंतर त्यांची उमेद इतकी वाढली की 10 डिसेंबरच्या मानवाधिकार दिनाच्या फ्लेक्ससाठी त्यांनी तीन दरपत्रकं मागवली. फ्लेक्सवाला एकच. तोच तीन वेगवेगळ्या नावांनी द्यायला तयार होता, शिवाय तिन्हींवर वेगळा शिक्का मारून. गुरुजींनी त्याला ओसरीवरून उठवलं आणि इतिवृत्तात लिहिलं: परिसरात दुसरा फ्लेक्सवाला नसल्याने एकाच दरपत्रकावर काम देण्यात येत आहे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. तोवर पाहुणे भाषण करून निघून गेले होते. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी आला. गुरुजींनी तो मोजून घेतला, एक बाजू तीन इंच कमी भरली, तेवढे पैसे कापले.

मार्चनंतर ऑडिटचे दिवस येतात. चंद्रपूरचा सीए फी घेत नाही, म्हणून त्याच्याकडं संस्थेची फाइल सगळ्यात खाली असते. गुरुजी सकाळच्या एसटीनं घाट उतरतात, त्याच्या बाकावर डबा उघडून बसतात आणि फाइल वर येईपर्यंत हलत नाहीत. ताळेबंद जुळतो. दर वर्षी जुळतो. शिल्लक इतकी किरकोळ असते की जुळला नसता तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण न्यासाचं नुकसान झालं तर कायद्यानं ते विश्वस्ताकडून भरून घेता येतं, हे वाक्य गुरुजींच्या मंडळींनी एकदा ऐकलं आहे, आणि तेव्हापासून घरातल्या म्हशीचं काय होणार याची त्यांना काळजी आहे.

वार्षिक सभेत गुरुजी राजीनामा देतात. वय झालं, दिसत नाही, नवीन पोरांनी पुढं यावं. सगळे म्हणतात, असं कसं जी गुर्जी. ते ऐकत नाहीत. अर्ज स्वच्छ अक्षरात लिहून आणलेला असतो, दोन प्रतींत. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज टाकावा लागतो, तोही त्यांनीच भरून आणलेला असतो; फक्त नव्या खजिनदाराच्या नावाची जागा मोकळी. सचिव अर्ज घेतो, घडी घालतो, खिशात ठेवतो.

"पोच?" गुरुजी विचारतात.

"कसली पोच?"

"राजीनामा मिळाल्याची. सही, तारीख, शिक्का."

शिक्का कपाटात, कपाट गुरुजींच्या घरी, किल्ली त्यांच्या करगोट्याला. सचिव म्हणतो, उद्या देतो जी. पोच न मिळालेला कागद दिला असं गुरुजी आयुष्यात कधी धरत आलेले नाहीत. ते दुसरी प्रत परत पिशवीत घालतात, चष्मा चढवतात आणि विषय क्रमांक चारवर येतात. मागच्या महिन्यातला गडचांदूरचा प्रवास, 120 रुपये, कुणी केला होता?

हात वर करणारा पोरगा नवा आहे. त्याला अजून ठाऊक नाही पुढं काय विचारणार ते.