मंडळं भरपूर, तास मोजके

हिंगोली जिल्ह्यातल्या कॉन्व्हेंटांच्या माहितीपत्रकात मंडळांना तोटा नसतो. निसर्ग मंडळ वसमतकडच्या हळदीच्या शिवारातून आलेल्या लेकरांना कुंडीत मेथी उगवून दाखवतं. वक्तृत्व मंडळाचं भाषण बाबा लिहितात, आई पाठ करून घेते, लेकरू फक्त हातवारे करतं. खेळाचा तास गणिताच्या सरांनी उसना नेलाय. परतीची तारीख कुणी विचारत नाही, फी मात्र वेळेवर जाते.

ज्यांच्या नावाने जगभर कॅथलिक शाळा चालतात, ते इटलीचे डॉन बॉस्को लहानपणी दोरीवर चालून, कसरती दाखवून पोरं गोळा करत आणि मग प्रार्थना घेत. इथे प्रवेश मिळाला असता, तर पहिल्याच पालकसभेत त्यांच्या आईला बोलावणं आलं असतं : ‘‘ताई, पोरगं हुशार आहे, पण आधी दोरीवरून उतरवा. स्कॉलरशिप जवळ आलीय.’’