अण्णांचं टायमिंग

आमचे अण्णाकाका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण वाहतूक काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. पुण्याहून गुहागरला आंबे खायला जायचं, तर त्याचंही वेळापत्रक मधे कार्बन घालून निघे आणि प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत पडे. 'सातारा : आगमन ८.१०, प्रस्थान ८.२५ (चहा व इतर).' पुढे उंब्रज, पाटण, कोयनानगर, चिपळूण, सगळं मिनिटावर. अक्काआत्याने आपल्या प्रतीत लसणाची चटणी बांधून घेतली होती.

गाडी अर्थातच अँबॅसिडर. मार्क थ्री, दोघांनी वापरून झालेली. इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्डवरून हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याला ही गाडी काढायला घेतली आणि २०१४ पर्यंत काढत राहिले. पुढची सीट सलग, गियर स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढे तीन, मागे चार आणि मांडीवर येतील तेवढे, असा त्या काळचा हिशेब होता. आम्ही सात होतो, म्हणजे अण्णांच्या भाषेत 'प्रवासी भारमान समाधानकारक'.

पाटण सोडलं आणि बॉनेटखालून टकटक सुरू झाली.

"टॅपेट आहेत," अण्णा म्हणाले. "अँबॅसिडरचे टॅपेट वाजायचेच. वाजायचे थांबले की काळजी करायची."

कोयनानगरला चहाला थांबलो. अण्णांनी इंजिन चालूच ठेवलं होतं, आणि गाडी उभ्या जागी अशी लटलटत होती की काकूने बशी खाली ठेवली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ती कराडला माहेरी होती. कोयनेचा भूकंप तिने अंथरुणात अनुभवलेला. तेव्हापासून या भागात काहीही हललं की ती आधी उंबरा गाठते. हॉटेलवाला म्हणाला, "वैनी, हादरे असतात हितं, पण आज न्हाई. ही तुमची गाडी हाय." अण्णांनी घड्याळ पाहिलं. "सहा मिनिटं मागे आहोत. बसा."

आता कुंभार्ली घाट. अण्णांचं म्हणणं असं की चढाला पेट्रोल आपण घालतो, उतार सरकार फुकट देतं, आणि फुकट मिळतं तिथे पैसे जाळणारा माणूस मूर्ख. त्यामुळे घाटमाथा आला की ते गियर न्यूट्रल करत आणि चावी फिरवून इंजिन बंद करत. सात माणसांसह दीड टनाच्या आसपासचा तो ऐवज गुपचूप कोकणात उतरू लागे. असं कुणीही करू नये. जुन्या अँबॅसिडरचे ब्रेक निव्वळ पायाच्या जोरावर लागत, इंजिनाची त्यांना मदत नसे, एवढ्यावरच आम्ही वाचत आलो होतो. आत्या रामरक्षा म्हणे. वळणं जवळजवळ आली की तिची लय वाढे, आणि दरीकडे न बघताही वळण केवढं ते आम्हाला कळे.

टकटक थांबली होती. "बघा, गेली!" अण्णा म्हणाले. इंजिनच बंद असताना टॅपेट कशाने वाजणार, हे विचारण्याचं धैर्य कुणाला नव्हतं.

पायथ्याला रस्ता सपाट होऊ लागला तसं त्यांनी नेहमीप्रमाणे चावी फिरवली, गाडी तिसऱ्यात टाकली आणि क्लच सोडला. गाडीने आचका दिला. कार्बोरेटरमधून फाड्कन आवाज आला, आत काहीतरी खळकन वाजलं आणि मग सगळं सामसूम. शिरगावच्या अलीकडे एका फणसाखाली गाडी आपोआप उभी राहिली. फणसाच्या बुंध्याला टायर टांगलेला होता. म्हणजे गॅरेजच. पुढे कित्येक वर्षं अण्णा सांगत, की त्यांनी मुद्दामच तिथे थांबवली.

बॉनेट उघडलं की महाराष्ट्रात माणसं जमिनीतून उगवतात. पहिल्याने सांगितलं, पेट्रोलात पाणी. दुसऱ्याच्या मते पॉइंट चिकटले होते. एका सायकलवाल्याने पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकायला लावलं, कारण मे महिन्यात एअर धरते. एका आजोबांनी गाडीला काहीच विचारलं नाही. कुठून आलात, कोणाचे, हे विचारून घेतलं आणि मान हलवली, जणू निदान झालं. आमच्या चुलतभावाने प्लग काढून पुसले आणि कुठला कुठे होता ते विसरला.

मिस्त्री जेवत होता. हात धुऊन आला, कुणाचं ऐकलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि पोऱ्याला म्हणाला, "हँडल मार."

पोऱ्याने पुढून हँडल घालून इंजिन फिरवलं. फॅन फिरला. टोपीखालचा रोटर मात्र ढिम्म.

"कॅमचा गियर," मिस्त्री म्हणाला. सगळी गर्दी एकदम "तेच म्हणतोय मी" असं म्हणाली.

प्रकरण असं की पिस्टन ज्या दांड्याला जोडलेले असतात तो क्रँक दोनदा फिरतो, तेव्हा कॅमशाफ्टने बरोबर एकदाच फिरायचं असतं. म्हणून कॅमच्या गियरला दाते दुप्पट, आणि दोघांवर मिळून एक चेन. आठही व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे, हे कॅम ठरवतो. ठिणगी वाटणारा रोटरही त्याच्याच जिवावर फिरतो. क्रँकचे मिनिटाला तीन हजार फेरे झाले तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीसदा उघडतो, पंचवीसदा मिटतो, आणि एकदाही उशीर करत नाही. हे ऐकल्यावर अण्णांच्या चेहऱ्यावर आदर दिसला. अख्ख्या स्वारगेट स्थानकात त्यांना असा एक माणूस मिळाला नव्हता.

मग खोलणं सुरू झालं. रेडिएटरचं पाणी काकूच्या परवानगीने आंबे आणायच्या बादलीत काढलं. रेडिएटर सुटला, फॅन बेल्ट उतरला. क्रँकच्या पुलीवरचा हँडलचा नट मात्र हटेना. गाडी टॉप गियरला टाकून अण्णांना ब्रेकवर बसवलं. "साहेब, पाय दाबून ठेवा आन बोलू नका," मिस्त्रीने सांगितलं. तेवढी दहा मिनिटं आत्याला फार आवडली. रिंगपान्यात लोखंडी नळी अडकवून दोघे लोंबकळले, मग छिन्नी ठेवून हातोडीचा एकच घाव, आणि नट सुटला.

टायमिंग कव्हर निघालं आणि सगळे आत डोकावले. कॅमचा गियर दाताला हात लावला तरी डुगडुगत होता. नट ढिला. नट सुटू नये म्हणून त्याखाली पत्र्याचं लॉक वॉशर असतं. नट आवळला की त्याची कड नटावर दुमडायची, मग नट जागचा हलत नाही. या वॉशरची कड जशीच्या तशी सपाट होती.

"ओव्हरऑइल कुठं केलंत?"

अण्णांनी पुण्यातल्या एका गॅरेजचं नाव सांगितलं. मिस्त्रीने त्यावर काही मत दिलं नाही, नुसतं तोंडातलं पान बाजूला जाऊन थुंकून आला.

नट ढिला पडल्यावर सगळा भार आला गियर आणि शाफ्ट यांच्या खाचेत बसणाऱ्या अर्धगोल चावीवर. पोलादाचा एवढासा तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा. पाटणपासून ती मार खात आली होती, आणि पायथ्याला तिसऱ्यात क्लच सोडल्याबरोबर मधोमध तुटली. अर्धी शाफ्टमध्ये, अर्धी गियरमध्ये. मिस्त्रीने दोन्ही तुकडे काढून अण्णांच्या तळहातावर ठेवले. "हे तुमचं वाचलेलं पेट्रोल." हे वाक्य आमच्या घरात अजून चालतं.

चावी आणि वॉशर चिपळूणला मिळणार होतं. इथे अण्णांचा जीव पुन्हा भांड्यात पडला. कराड-चिपळूण गाडी त्यांनी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली, आपला हुद्दा सांगितला आणि कंडक्टरकडे चिठ्ठी व पैसे दिले. माल परतीच्या गाडीने येणार होता. तोवर पोऱ्याने चेन आणि गियर रॉकेलमध्ये धुतले, खालचं ऑइल गाळून त्यातला चुरा लोहचुंबकाने टिपला. मिस्त्रीने आठ पुशरॉड काढले आणि समोरच्या हॉटेलच्या कडप्प्यावर एकेक लोळवला. वाकलेला असेल तो लंगडत जातो. प्रत्येक पुशरॉड सरळ गेला की बाकावरचे चहावाले 'वा' म्हणत. शेवटचा तर थेट जिलबीच्या ताटापर्यंत गेला.

परतीची गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. अण्णांनी ड्रायव्हरला कारण विचारलं.

"तांत्रिक," ड्रायव्हर म्हणाला आणि पुडकं खाली टाकलं.

पस्तीस वर्षं अण्णांनी प्रवाशांना खिडकीतून हेच उत्तर दिलं होतं.

जोडताना मिस्त्रीने एकही शब्द काढला नाही. दोन्ही गियरवर एकेक बारीक ठिपका असतो. हे दोन ठिपके दोन शाफ्टच्या मधल्या रेषेत समोरासमोर यावे लागतात. एक दाता चुकला तरी गाडी चालते, पण रडत चालते. त्याने क्रँक हलका हलका फिरवला, पोलादी पट्टी धरून रेष पाहिली, नवी चावी बसवली, चेन दोन्ही गियरवर चढवून तिघांना एकदम आत सरकवलं, नट आवळला आणि वॉशरची कड छिन्नीने दुमडली. "बगा," म्हणाला. आम्ही सातही जणांनी रांगेने पाहिली. मग नवं पॅकिंग, कव्हर, पुली, ताजं ऑइल, रेडिएटर, फिलर गेजने टॅपेट. प्लगच्या वायरींना आला तेव्हा अण्णांनी लांबूनच "एक-तीन-चार-दोन" असा फायरिंग ऑर्डर मोठ्याने म्हटला, फलाटावर गाड्या लावल्यासारखा.

हँडल मारायला चुलतभाऊ पुढे झाला. मिस्त्रीने आधी त्याचा अंगठा उलगडून बोटांच्या बाजूला ठेवला. इंजिन उलटं फिरलं तर मूठ वळलेल्या माणसाचा अंगठा जातो. दुसऱ्या झटक्याला गाडी चालू झाली, आणि आवाज नाही. टॅपेटसुद्धा वाजेनात. अण्णांना ते जरा संशयास्पद वाटलं.

मजुरीपुढे त्या वॉशरची किंमत इतकी किरकोळ होती की मिस्त्रीने ती लावलीच नाही. अण्णांनी ती आग्रहाने लावून घेतली, कारण त्यांना वेळापत्रकाच्या मागच्या बाजूला बिल चिकटवायचं होतं.

चिपळूणच्या पुढे गुहागरपर्यंत रस्ता खाली-वर, खाली-वर. पहिलाच उतार आला, अण्णांचा उजवा हात चावीकडे निघाला, आणि शेजारच्या आत्याने तो वरच्या वर धरून स्टिअरिंगवर परत ठेवला. सबंध रस्ता इंजिन चालू राहिलं. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त प्रत्येक उताराच्या शेवटी काकूला म्हणत, "लिही. अक्काच्या नावे, अर्धा कप पेट्रोल."