मामांचा झिरो

नाशिक फाट्याच्या अलीकडे मामांचं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. तिथं कुणी ‘गाडी तशी सरळ चालते’ असं म्हणालं, की मामा हातातला पाना खाली ठेवतात. ‘तशी म्हणजे कशी?’ इथून उलटतपासणी सुरू होते. जगात सरळ असं काही नसतं, ते करून घ्यावं लागतं आणि तेही आपल्याकडूनच, असं त्यांचं ठाम मत. गिऱ्हाईक आत शिरलं की ते आधी त्याच्या चपला बघतात. एका बाजूनं झिजलेल्या दिसल्या, की ‘ह्यांचा टो आऊट आहे’ असं पोऱ्याला सांगतात. पोऱ्या गाडीकडे धावतो.

माझ्या गाडीचं स्टेअरिंग सरळ रस्त्यावरही उजवीकडे कललेलं असायचं. एका गॅरेजवाल्यानं ते दहा मिनिटांत सरळ करून दिलं. मी खूश. मग डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र पेटलं, ते विझेचना.

मामांनी स्टेअरिंगवर नुसता हात ठेवला. ‘काढून, एक दात सरकवून परत बसवलंय. चाकं जुळवायच्या टाय रॉडला हात नाही लावला. आजारी माणसाचा भांग पाडला शेठ, औषध नाही दिलं. जुन्या गाडीत हे खपायचं. आता आत साक्षीदार बसलाय.’

साक्षीदार म्हणजे स्टेअरिंग अँगल सेन्सर. तो स्टेअरिंगच्या चाकाच्या मागं, दांड्यावर बसतो. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फेरे फिरतं, त्यामुळे नुसता कोन कळून भागत नाही, कितवा फेरा चाललाय तेही कळावं लागतं. दांड्यावरचं मोठं दातेरी चाक दोन छोटी चाकं फिरवतं. एकाला दुसऱ्यापेक्षा एक दात जास्त. दोन्हींत लोहचुंबक.

‘घरात सासू कुठं तोंड करून बसलीय आणि सून कुठं, एवढं बघितलं की भांडणाचा कितवा दिवस ते सांगता येतं ना? तसंच,’ मामा म्हणाले. ‘आणि हा सेन्सर अंशाच्या दहाव्या भागापर्यंत कोन सांगतो. तेवढं आमच्या घरातसुद्धा कुणाला जमत नाही.’

‘पण एवढी चौकशी कशाला?’

या प्रश्नाची मामा वाटच बघत असतात. ‘ड्रायव्हरला कुठं जायचंय ते हा सांगतो. गाडी खरोखर कुठं वळतेय ते दुसरा सेन्सर सांगतो. दोघांचं पटलं नाही, की घसरण रोखणारं ईएसपी एखाद्याच चाकाला ब्रेक मारून गाडी जागेवर आणतं. १९९५ साली मर्सिडीजच्या भारी गाडीत हे पहिल्यांदा आलं. श्रीमंतांचे लाड म्हणाले लोक. १९९७ ला त्यांचीच छोटी ए-क्लास स्वीडनमध्ये चाचणीत उलटली. रस्त्यात मूस हरीण आडवं आलं असं समजून वळवायची चाचणी. हरीण नव्हतंच, गाडी मात्र पडली! मग छोट्या गाडीतही ईएसपी बसवलं.’ मामा हे अशा थाटात सांगतात, की त्या दिवशी त्यांना विचारलं असतं तर वेळ आली नसती.

माझ्या गाडीचं दुखणं एवढंच, की ती सरळ जाताना साक्षीदार ‘वळतेय, वळतेय’ म्हणून ओरडत होता. मामांनी स्टेअरिंग मूळ दातावर आणलं, दोन्ही टाय रॉड जुळवले, स्कॅनर लावून झिरो सेट केला. मग डावीकडे फुल लॉक, उजवीकडे फुल लॉक, आणि हळूच मध्ये. काही गाड्यांना झिरो सापडायला एवढंच पुरतं, पण मामा सगळ्यांनाच करतात. ‘दोन्ही टोकं बघितल्याशिवाय मध्य कळत नाही. गाडीला नाही, माणसालाही नाही.’

दिवा विझला. मी भारावून पैसे विचारले.

‘नऊशे.’

‘पाचशे,’ मी म्हणालो. दोन्ही टोकं झाली होती.

‘साडेआठशे.’

‘मामा, मध्य सातशेला येतो!’

मामांनी माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे पाहिलं. ‘मध्य मोजून मधोमध नसतो शेठ. गाडी जिथं सरळ जाते, तो मध्य.’

मी साडेआठशे दिले, आणि गाडी सरळ गेली.