हलक्या चाकाचा मोह

क्लच गेला की माणसाला एरवी कधी न दिसलेली एक वस्तू दिसते. गिअरबॉक्स खाली उतरतो, जुनी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बाकड्यावर येतात आणि इंजिनच्या पाठीला बोल्टांनी आवळलेले एक काळपट, गोल, जड चाक उघडे पडते. घसरत्या क्लचने त्याच्यावर निळसर चट्टे उमटवलेले असतात. हेच ते फ्लायव्हील. गाडी विकताना याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही; तेव्हा सनरूफ दाखवतात.

मिस्त्री शांतपणे म्हणतो, "साहेब, लेथवर फेस मारून घेऊ. हेच चालंल." खरे तर विषय इथेच संपायला हवा. पण गाड्यांचे वेड असलेला एक तरी भाचा प्रत्येक घरात असतो. तो मोबाईल पुढे करतो. "मामा, गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर हलकं फ्लायव्हील टाकून घे ना. वेगळी मजुरी पण पडणार नाही. आणि मग पिकअप बघ!" पिकअपचे मामाला फारसे काही नसते. पण मजुरी वाचणार म्हटल्यावर आयुष्यात सायकलचीही शर्यत न लावलेला माणूस विचारात पडतो.

भाचा खोटे बोलत नसतो. लहान पेट्रोल गाडीचे मूळ चाक ७ किलोच्या आसपास धरा आणि हलके त्याच्या निम्मे. वाचले साडेतीन किलो, म्हणजे दिवाळीच्या फराळाचा एक भरलेला डबा. एवढ्याने काय होणार, असे वाटते. पण हे वजन नुसते वाहून न्यायचे नसते, ते गरगर फिरवायचे असते, आणि पहिल्या गिअरमध्ये रस्त्यावरचे चाक एकदा फिरेपर्यंत फ्लायव्हीलचे तेरा-चौदा फेरे होतात. ढोबळ हिशेब मांडला तर पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना मागच्या सीटवरून ७० किलोचा एक पाहुणा उतरल्याइतका फरक पडतो. पाचव्या गिअरमध्ये मात्र पाहुणा जागचा हलत नाही, फक्त फराळाचा डबा तेवढा खाली ठेवतो. इंजिनाची ताकद तर एका अश्वशक्तीनेही वाढत नाही. हायवेवर एका लयीत ८० ने चाललात तर कोणते चाक बसवले आहे ते तुम्हालाही कळणार नाही आणि भाच्यालाही.

मग जड चाक बसवतात तरी कशाला? याचे उत्तर ज्यांनी विहिरीवरचे डिझेल इंजिन पाहिले आहे त्यांना विचारावे. १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची कंपनी उभी राहिली आणि त्यांच्या इंजिनांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींवरची मोट बंद केली. त्या जुन्या, एका सिलिंडरच्या इंजिनाच्या अंगाच्या मानाने बाजूची चाके केवढी थोरली! अशा इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. म्हणजे अर्धा फेरा काम आणि दीड फेरा उसनवारी, आणि ती उसनवारी ते चाक पुरवते. हँडल मारणारा गडी इंजिन सुरू करायला जातच नाही. तो आधी चाकांना गती देतो आणि मग डिकॉम्प्रेशनचा खटका सोडतो. दाबाच्या चढावरून पिस्टनला पलीकडे ढकलायचे काम चाकांचे. चाके काढून टाकली तर इंजिन एकदा 'पुक्' करील आणि गप्प बसेल. कुंभाराच्या चाकातही हेच आहे. काठीने एकदा जोरात फिरवले की मडके वर येईपर्यंत ते आपल्या जडपणावर फिरत राहते.

चार सिलिंडरच्या गाडीत दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, म्हणून चाक लहान असले तरी भागते. काम तेच. आणि चाकात साठलेल्या ऊर्जेची एक गंमत आहे: फेरे दुप्पट झाले की साठा चौपट होतो, निम्मे झाले की पाव उरतो. म्हणजे सिग्नलवर इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर धुमसत असते तेव्हा गाठीशी मुळातच थोडे असते. त्यातले निम्मे भाच्याने काढून घेतलेले. त्यात एसीचा कॉम्प्रेसर चालू होतो. समोरची स्कूटर ब्रेक न लावता थांबते. चढ कात्रजच्या जुन्या घाटाचा, आणि मागे टेकायला आलेली एसटी. अशा वेळी क्लच जरा घाईने सुटला तर जड चाक ती चूक पोटात घालते. हलके चाक ती चारचौघांत सांगते. गाडी बंद पडते आणि एसटीवाला हॉर्न देतो.

मग माणूस शिकतो. निघताना ॲक्सिलरेटर जास्त दाबून, हाफ क्लचवर गाडी काढायला लागतो. म्हणजे ज्या क्लचसाठी एवढा खर्च केला, तोच नवा क्लच रोज थोडा जास्त घासला जातो. भाच्याने वाचवलेली मजुरी अशी हप्त्याहप्त्याने परत द्यावी लागते.

हलके चाक वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. नाशिकच्या रॅलीत उतरणाऱ्याला ते हवेच. इंजिनाचे फेरे चटकन चढतात, चटकन उतरतात, गिअर पटापट पडतात, वळणाआधी खालच्या गिअरमध्ये येताना टाचेने दिलेला झटका इंजिन लगेच ऐकते. पण तो माणूस गाडीत एकटा असतो, फार तर शेजारी वाट सांगणारा. आपल्या गाडीचे तसे नसते. ती वडील चालवतात, ज्यांचा पाय ॲम्बॅसिडरवर तयार झालेला. बायको चालवते, आणि बरी चालवते. मुलगी लाल 'एल' लावून चालवते. लग्नाच्या हॉलवर किल्ली ज्याला द्यावी लागते तो चालवतो. म्हणून हा प्रश्न मेकॅनिकला नाही, घरात विचारायचा: किल्ली किती जण घेतात? उत्तर एकाहून जास्त आले तर कंपनीचेच चाक.

एक उद्योग मात्र कुणीच करू नये. काही हौशी लोक मूळ चाकच लेथवर मागून तासून हलके करतात. मूळ चाक बहुधा बिडाचे असते. बीड दाबाला खंबीर, ताणाला कच्चे. फेरे वाढतात तसा चाकाला बाहेर ओढणारा ताण त्यांच्या वर्गाने वाढतो, आणि हे चाक फुटले तर ते तुमच्या पायांपासून फार लांब नसते. हलकेच हवे असेल तर घडीव पोलादाचे, त्या गाडीसाठी बनवलेले आणि बॅलन्स केलेले घ्या. नव्या डिझेल गाड्यांची गोष्ट आणखी निराळी. अनेकांत दोन चकत्यांमध्ये स्प्रिंगा बसवलेले फ्लायव्हील असते. त्याची किंमत ऐकून खुर्ची शोधावी लागते हे खरे, पण त्या जागी साधे एकसंध चाक बसवले तर डिझेलचे सगळे धक्के गिअरबॉक्सकडे जातात आणि गाडी उभ्या उभ्या खडखडते.

तेव्हा गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर पैसे दुसरीकडे घाला. रिलीज बेअरिंग नवे टाका. क्रँकचे मागचे ऑइल सील झिरपत असेल तर आत्ताच बदला, कारण त्याच्यासाठी पुन्हा हाच सगळा खटाटोप करावा लागेल. चाकाच्या चट्ट्यांखाली तडा नाही ना ते उजेडात धरून बघा, नसेल तर फेस मारून तेच बसवा. आणि फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे, असे कंपनीने सांगितले असेल तर मिस्त्री कितीही ओळखीचा असला तरी जुने परत लावू देऊ नका.