रिकाम्या गाडीतला पंखा

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा तीन खोल्या पलीकडून ऐकू येतो. कानातलं यंत्र काढून ठेवलेलं असलं तरी. अशा माणसाच्या घरातल्या गाडीला मी विजेचा पंखा बसवला, ही चूक सर्वस्वी माझी. मिस्त्रींचा त्यात दोष नाही. मिस्त्रींचे दोष वेगळे आहेत, ते पुढे येतील.

गाडी म्हणजे १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्यात जन्मलेली, १०८९ सीसीची, आजोळ इटलीच्या फियाटकडे. स्वभावाने सोशिक, पण डोकं तापट. रस्ता मोकळा असला की गुणी. स्वारगेटच्या सिग्नलला तीनदा लाल दिवा लागला की बॉनेटच्या फटीतून वाफ. मग ठरलेला विधी. गाडी कडेला, बॉनेट वर, पाच लिटरचा कॅन आणि ओलं फडकं. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, कारण आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर गेलेलं असतं आणि झाकण सैल होताच कारंज्यासारखं अंगावर येतं. माझ्या मेव्हण्याने एकदा ते करून पाहिलं. तेव्हापासून तो आमच्याकडे रिक्षाने येतो.

दोष सगळा मूळच्या पंख्याचा. तो पाण्याच्या पंपाच्याच दांड्यावर बसवलेला आणि पट्ट्याने इंजिनाला बांधलेला. म्हणजे इंजिन जितकं पळेल तितका तो पळणार. ताशी सत्तरने जाताना समोरून फुकटचा वारा येतच असतो, तेव्हा हा जीव तोडून फिरतो आणि वर इंजिनाची ताकद खातो. डिसेंबरच्या पहाटे इंजिन गरम व्हायचं असतं, तेव्हाही याचा वारा चालूच. आणि सिग्नलला, जिथे खरी गरज, तिथे इंजिन मंद म्हणून हाही पेंगतो. लग्नघरात असा एक काका असतोच. पंगतीत वाढपी भरपूर असताना हा तूप घेऊन धावतो. मांडव उतरवायच्या वेळी याचा डोळा लागलेला.

"मारुतीचा टाका की साहेब," मिस्त्री म्हणाले. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ साली. तिचं इंजिन आडवं, त्यामुळे पट्ट्याची बाजू चाकाकडे आणि रेडिएटर समोर. पट्ट्याने पंखा फिरवायची सोयच नाही, म्हणून तिला आधीपासून विजेचा पंखा. पाणी तापलं की लागतो, निवलं की थांबतो. मी रविवारी जुन्या बाजारात जाऊन आठशे रुपयांत एक उचलला. विकणाऱ्याने तो बॅटरीला लावून फिरवून दाखवला आणि "घरात टांगला तरी चालेल" असं वर सांगितलं.

बसवायला दोन दिवस लागले. मिस्त्रींनी आधी खात्री केली की आमच्या गाडीचा डायनामो जाऊन अल्टरनेटर आलेला आहे. डायनामो इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही, आणि हा पंखा नेमका तेव्हाच आठ-दहा अँपियर मागणार. मग लोखंडी पंखा उतरला, पंप जागेवर राहिला, रिले आला, पिवळा वीस अँपियरचा फ्यूज आला. रेडिएटरमध्ये तापमानाचा स्विच बसला. ९२ अंशांना लावणार, ८७ ला तोडणार. मिस्त्री अभिमानाने म्हणाले, "आता कागद धरा जाळीसमोर. चिकटला की पास." मी वर्तमानपत्राची पुरवणी धरली. ती चिकटायचं सोडून उडाली आणि मिस्त्रींच्या तोंडावर जाऊन बसली. तारा उलट्या जोडल्या होत्या. अशा मोटारीला तारा उलट जोडल्या की ती उलटी फिरते, एवढंच. पण मिस्त्री पाच मिनिटं पंख्याकडे असे बघत होते, जणू तो मुद्दाम तसा वागला.

तारा बदलल्या आणि त्या दिवसापासून स्वारगेट जिंकलं. सिग्नलला आतून घूं असा आवाज येई आणि काटा निमूटपणे खाली उतरे. मी शेजारच्या रिक्षावाल्याकडे पाहून हसायचो. त्याला कारण कळायचं नाही.

घोटाळा झाला घरी पोचल्यावर. इंजिन बंद केलं की पंपही थांबतो; पण लोखंड तापलेलंच असतं, त्यामुळे जागेवरचं पाणी आणखी तापतं. मिस्त्रींनी पंखा थेट बॅटरीवर घेतला होता. मी किल्ली काढून वर यायचो आणि खाली अंगणात पंखा सुरू व्हायचा.

"अरे, गाडीत कोण बसलंय?"

"कुणी नाही, अण्णा."

"मग वारा कुणाला?"

"इंजिनाला."

"ते तर तू बंद केलंस ना?"

बायकोने समजूत घालायचा प्रयत्न केला. "अण्णा, गॅस बंद केला तरी जाड बुडाच्या पातेल्यातलं दूध वर येतंच ना?"

"येतं. तेव्हा आपण पातेलं उतरवतो. पंखा नाही लावत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, कुठल्याच इंजिनियरकडे नसेल. दूधवाला, इस्त्रीवाला, तळमजल्यावरच्या आजी, सगळे जिन्याशी येऊन सांगायचे, "अहो, तुमच्या गाडीचा पंखा राहिलाय!" अण्णा मग पंखा थांबेपर्यंत गाडीपाशी मनगटावरच्या घड्याळात बघत उभे राहत.

मे महिन्यात खोपोलीला आत्याकडे लग्न होतं. जुन्या रस्त्याने घाट उतरून गेलो. मांडवाजवळ गाडी लावली, पंखा लागला. मी जेवायला गेलो, अण्णा मागे थांबले. जेवणं झाली, अण्णा आत्याकडे मुक्कामाला राहिले, आम्ही निघालो.

सपाटीवर काहीच जाणवलं नाही. घाटात एका भरलेल्या ट्रकमागे पहिल्या गिअरमध्ये रांग लागली आणि काटा चढायला लागला. "अहो, घूं ऐकू येत नाहीये," बायको म्हणाली. शिंगरोबाच्या देवळाशी गाडीने जुना सूर लावला. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो शिंगरोबा, अशी श्रद्धा. ड्रायव्हर इथे नाणं टाकून पुढे जातात. मी टाकलं नव्हतं. बॉनेट उघडलं. फ्यूजची जागा रिकामी. फोन लावला.

"अण्णा, पिवळा फ्यूज कुठाय?"

"खिशात. काळजी करू नकोस, सुरक्षित आहे."

पाऊण तास थांबलो. एका ट्रकच्या क्लीनरने पाणी दिलं आणि पद्मिनीच्या टपावर प्रेमाने थाप मारली. बायकोने शिंगरोबापुढे दहाचं नाणं ठेवलं. निवलेल्या गाडीने रात्री, रिकाम्या रस्त्यावरून, घरी आलो.

आता मिस्त्रींनी रिलेची तार किल्लीवरून फिरवून घेतली आहे. किल्ली काढली की पंखा बंद. गाडी बंद केल्यावर इंजिन थोडं जास्त तापतं, पण घर थंड असतं. गाडीच्या कप्प्यात वीस अँपियरचे तीन फ्यूज जादा ठेवले आहेत. चौथा अजून अण्णांच्या खिशात आहे.